प्रथिनाची घडी कशावर टिकते?

विट्याच्या बी.एस्सी.च्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. पुस्तकात प्रथिनाचा आकार टिकवणाऱ्या बलांची यादी दिलेली असते: हायड्रोजन बंध, विरुद्ध भारांचं आकर्षण, डायसल्फाइड बंध, जलद्वेषी परिणाम. तोंडी परीक्षेत ‘यातलं सगळ्यांत महत्त्वाचं कोणतं?’ असं विचारलं तर काय सांगायचं? एका सरांनी हायड्रोजन बंध सांगितलं, दुसऱ्या सरांनी ते खोडून काढलं. शिवाय प्रयोगशाळेत बनवलेले प्रथिनासारखे रेणूही म्हणे घडी घालतात, ते कसं काय?

आधी माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीनंतर दोन वर्षं पुण्यात छोटे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, बनवण्याचं काम केलं. लग्नानंतर सांगलीला आले आणि तेव्हापासून दूध तपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. त्यामुळे प्रथिनांशी माझा रोजचा संबंध ती घडी मोडतात तेव्हाचा. पण घडी कशावर उभी होती हे ती मोडतानाच नीट दिसतं.

तुमचे दोन्ही सर अर्धे बरोबर आहेत, कारण मूळ प्रश्नच थोडा वाकडा आहे. ‘घडी कशानं धरून ठेवलीय?’ असं विचारलं की आपण डिंक शोधत बसतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. विचारायला हवं ते असं: तीच साखळी पाण्यात मोकळी पडली असती तर तिचं आणि पाण्याचं काय झालं असतं, आणि घडी घातल्यावर काय झालं? तुलना नेहमी या दोन अवस्थांची. हा सरळ जमाखर्च आहे. दोन्ही बाजूंच्या रकमा प्रचंड असतात आणि हाती उरणारी शिल्लक अगदी किरकोळ.

किती किरकोळ? बहुतेक लहान प्रथिनांची घडी मोकळ्या साखळीपेक्षा मोलला साधारण २० ते ६० किलोज्यूलनेच स्थिर असते. पाण्यातल्या प्रथिनात एक हायड्रोजन बंध सरासरी चार-पाच किलोज्यूलची भर घालतो असं मोजमापांवरून दिसतं. म्हणजे शंभर-दीडशे अमिनो आम्लांच्या अख्ख्या रेणूची शिल्लक जेमतेम पाच-दहा हायड्रोजन बंधांइतकी. ३० किलोज्यूलची शिल्लक धरून २५ अंशांचं गणित केलं, तर कोणत्याही क्षणी दीड-दोन लाखांत एखादाच रेणू उलगडलेला सापडेल. ऐकायला भक्कम वाटतं. पण थोडी उष्णता, थोडं आम्ल किंवा एखादं चुकीचं अमिनो आम्ल एवढ्यावर ही शिल्लक संपते. डेअरीचा निम्मा धंदा या नाजूकपणावर चालतो.

आता खर्चाची बाजू. मोकळ्या साखळीला हजार तऱ्हांनी वळता येतं. घडी घातली की ते स्वातंत्र्य जातं, म्हणजे एन्ट्रॉपी कमी होते, आणि हा सगळ्यांत मोठा खर्च. तो भरून काढायला जमेत काय आहे?

पहिली आणि मोठी जमा पाण्याकडून येते. आमटीवरचा कट आठवा. ढवळलं की तेलाचे थेंब विखुरतात, थांबलं की पुन्हा एक होतात. तेलाला तेलाची फार ओढ असते असं नाही, पाणीच त्याला बाजूला सारतं. तेलकट गटाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंना आपापसातले हायड्रोजन बंध सांभाळायचे तर ठरावीक तऱ्हेनेच उभं राहावं लागतं. ते गट एकत्र आत गेले की पाणी मोकळं होतं. ल्युसीन, आयसोल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलअॅलनीन ही मंडळी म्हणूनच प्रथिनाच्या गाभ्यात जातात. यालाच जलद्वेषी परिणाम म्हणतात. घडीमागचा मोठा रेटा हाच आहे, हे वॉल्टर कॉझमन यांनी १९५९ साली मांडलं. त्याआधी सगळा भर हायड्रोजन बंधांवर होता. तुमच्या दोन सरांचं भांडण इतकं जुनं आहे.

याचा पुरावा माझ्या कामात रोज दिसतो. जलद्वेषी परिणामाची एक खोड आहे: थंडीत तो ढिला पडतो. दूध चार अंशांवर एखाद-दोन दिवस ठेवलं की बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनाचा काही भाग केसीनच्या कणांतून सुटून भोवतालच्या पाण्यात येतो. दूध गरम केलं की परत जातो. हायड्रोजन बंधांनी धरलेलं असतं तर थंडीत ते आणखी घट्ट व्हायला हवं होतं. काही प्रथिनं तर गार केल्यावर चक्क उलगडतात. त्याला शीत-विकृती म्हणतात. उष्णतेनं घडी मोडते हे सगळ्यांना माहीत असतं. थंडीनंही मोडते हे तोंडी परीक्षेत सांगितलंत, तर परीक्षक खुर्चीत सरळ होतील.

पण नुसत्या पाण्याच्या रेट्यानं भागत नाही. तेलाच्या थेंबाला ठरावीक आकार नसतो, प्रथिनाला असतो. इथे हायड्रोजन बंध येतात, पण वेगळ्या भूमिकेत. साखळीच्या कण्यावर प्रत्येक अमिनो आम्लामागे एक एनएच आणि एक सीओ गट असतो (प्रोलीन सोडून, त्याच्याकडे हा एनएच नाही). मोकळ्या साखळीत हे गट पाण्याशी बंध करून सुखात असतात. गाभ्यात जाताना तो पाण्याचा हात सुटतो. आत दुसरा जोडीदार मिळाला नाही तर तो मोठा तोटा. म्हणजे हायड्रोजन बंधाची शुद्ध कमाई थोडी असते, पण तो न मिळण्याचा दंड जबर असतो. अल्फा हेलिक्स (मळसूत्रासारखी वेटोळी) आणि बीटा शीट (शेजारी शेजारी मांडलेल्या पट्ट्यांची चादर) या रचना हा दंड टाळायच्या युक्त्या आहेत. १९५१ साली पॉलिंग, कोरी आणि ब्रॅन्सन यांनी अल्फा हेलिक्स मांडली. तिच्या एका वेढ्यात ३.६ अमिनो आम्लं बसतात, आणि कण्याच्या जवळजवळ प्रत्येक गटाला आतल्या आत जोडीदार मिळतो.

दुसरं बंधन जागेचं. साखळी हवी तशी वळतच नाही, अणू एकमेकांवर आदळतात. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी रामकृष्णन व शशिशेखरन यांनी १९६३ साली हे साध्या भूमितीनं दाखवलं. कण्याचे दोन कोन घ्या, अणूंच्या त्रिज्या घ्या, कुठे टक्कर होते ते पाहा. नकाशाचा बराचसा भाग बाद होतो, आणि उरलेल्या बेटांवर नेमकी हेलिक्स आणि शीट बसलेली असतात. हा रामचंद्रन नकाशा बहुतेक विद्यार्थी पाठ करतात. मी म्हणेन, एकदा वायरीचा सांगाडा हातानं करून वळवून बघा. ग्लायसीन का लवचीक आणि प्रोलीन का ताठ, हे दहा मिनिटांत कळेल.

तिसरं म्हणजे आतली भरणी. माण-खटावकडे चुन्या-सिमेंटशिवाय रचलेले दगडी बांध पाहिले असतील. दगड दगडात बसतो म्हणून बांध उभा राहतो. प्रथिनाचा गाभा तसा रचलेला असतो, जवळजवळ स्फटिकाइतका दाट. गाभ्यातलं मोठं अमिनो आम्ल काढून लहान घातलं की पोकळी पडते आणि शिल्लक घटते. अगदी जवळच्या अणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण एकेकटं क्षुल्लक असलं, तरी या दाट रचनेत त्याची बेरीज मोठी होते.

विरुद्ध भारांच्या आकर्षणावर मी फार वेळ घालवणार नाही. पृष्ठभागावर पाणी आणि क्षार त्याची धार बोथट करतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी त्याचा हातभार थोडा.

डायसल्फाइडचं, म्हणजे सिस्टीन या दोन अमिनो आम्लांच्या गंधकांमधल्या बंधाचं, मात्र गंमतीचं आहे. तो गाठ मारून घडी पक्की करतो असं सगळे म्हणतात. जमाखर्चाच्या भाषेत तो मुख्यतः मोकळ्या साखळीची गैरसोय करतो. दोन टोकं बांधली की उलगडलेल्या साखळीला भटकायला जागा कमी उरते, म्हणून उलगडण्यातला फायदाच घटतो. यादी पाठ करणाऱ्याला हे उलटं वाटतं. दोन अवस्थांची तुलना करणाऱ्याला नाही.

घडीची सगळी माहिती साखळीतच असते याचा मोठा पुरावा ख्रिश्चन अॅन्फिन्सेन यांचा. रायबोन्युक्लिएज ए या प्रथिनात १२४ अमिनो आम्लं आहेत, त्यात ८ सिस्टीन, म्हणजे ४ डायसल्फाइड. त्यांनी ८ मोलर युरिया आणि डायसल्फाइड तोडणारं मर्कॅप्टोइथेनॉल घालून ते पूर्ण उलगडलं. नंतर दोन्ही काढून टाकलं आणि हवेतल्या ऑक्सिजननं बंध पुन्हा जुळू दिले. एन्झाइमचं काम जवळपास पूर्ण परत आलं. आठ सिस्टीनच्या चार जोड्या १०५ तऱ्हांनी लागू शकतात (७ गुणिले ५ गुणिले ३, करून बघा). युरिया असतानाच बंध जुळू दिले तर जोड्या भलत्याच लागल्या आणि काम एखादा टक्काच परतलं. म्हणजे गाठी घडी ठरवत नाहीत, घडी गाठी ठरवते. या कामाला १९७२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

यावर एक आडवळण, कारण हा प्रश्न मला शेतकरीही विचारतात. दुधातला युरिया प्रथिनं मोडतो का? ८ मोलर म्हणजे लिटरला जवळपास ४८० ग्रॅम, अर्धा किलोच. दुधात आपल्याकडे नियमानं चालणारी मर्यादा किलोमागे ७०० मिलिग्रॅम. भेसळीत ती ओलांडली तरी प्रथिनं उलगडायला ते कुठल्या कुठे. भेसळ वाईट आहेच, पण त्याची कारणं वेगळी आहेत.

आता ‘ते परिस्थितीवर अवलंबून आहे’ असं मी जिथे म्हणते ती जागा. दुधाच्या एका भांड्यात तीन प्रथिनं एकाच वेळी तापवली तरी तिघांचं तीन तऱ्हांनी होतं.

बीटा-केसीनला ठाम घडीच नाही. २०९ अमिनो आम्लांत ३५ प्रोलीन, सिस्टीन एकही नाही. हेलिक्स किंवा शीट बनायला प्रोलीन आडवं येतं. मोडायला घडीच नसल्यानं दूध उकळलं तरी केसीन फाटत नाही. अल्फा-लॅक्टअल्ब्युमिन १२३ अमिनो आम्लांचं, ४ डायसल्फाइडचं, पोटात कॅल्शियमचा एक आयन धरून बसलेलं. ते तापवलं की उलगडतं, पण एकटं असेल तर गार झाल्यावर बरंचसं परत घडी घालतं. त्यातला कॅल्शियम काढून घेतला तर मात्र कितीतरी कमी तापमानाला ढिलं पडतं. म्हणजे ‘हे प्रथिन किती अंशांना मोडतं?’ याला एक आकडा नाही. सामू किती, क्षार किती, धातूचा आयन आहे का, सोबत कोण आहे, हे आधी सांगावं लागतं.

तिसरं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन, माझं नावडतं आणि आवडतंही. १६२ अमिनो आम्लं, ५ सिस्टीन. त्यातल्या चारांच्या दोन जोड्या, आणि पाचवं एकटं, हेलिक्सच्या आड लपलेलं. आम्लात ते इतकं टिकाऊ की जठरातल्या पेप्सिन या पाचक एन्झाइमला सहजी दाद देत नाही. पण दूध सत्तर अंशांच्या वर गेलं की ते उघडतं आणि लपलेलं सिस्टीन बाहेर येतं. त्या मोकळ्या गंधक गटांमुळे उकळलेल्या दुधाला तो ओळखीचा वास येतो. मग हे सिस्टीन शेजाऱ्याचे डायसल्फाइड उसवून त्याच्याशी गाठ मारतं, विशेषतः कापा-केसीनशी. गार केल्यावर परत फिरायचं म्हटलं तरी रस्ता बंद.

उलगडणं आणि गोळा होणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, हे इथे नीट बघून घ्या. उलगडणं बहुधा परतीचं असतं. उलगडलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटल्या की परतीचं राहत नाही. खरवस म्हणजे हेच. चिकात पाण्यात विरघळणारी प्रथिनं, त्यातही इम्युनोग्लोब्युलिन, इतकी दाट असतात की नुसत्या वाफेवर ती उलगडून एकमेकांत अडकतात आणि वडी बसते, विरजण नको की लिंबू नको. पहिल्या दिवसाच्या चिकात आई दूध घालायला सांगायची, नाहीतर खरवस दगड होतो. ती साखळ्यांमधलं अंतर वाढवत होती.

माझी एक फजिती सांगते. पाश्चरायझेशन नीट झालं का हे आम्ही अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमवरून पाहतो. ७२ अंशांना १५ सेकंद मिळाले की ते निकामी होतं. नमुन्याला पिवळा रंग आला तर एन्झाइम जिवंत, म्हणजे कच्चं दूध मिसळलंय. नवीन असताना बऱ्याच जास्त तापमानाला तापवलेल्या सायीचा नमुना मी संध्याकाळी तपासला, स्वच्छ. दुसऱ्या दिवशी तोच माल पुन्हा तपासला तर पिवळा. यंत्रावरच्या माणसाला मी चार शब्द ऐकवले. त्याची काही चूक नव्हती. माल रात्रभर पुरेसा गार ठेवला गेला नव्हता, आणि उलगडलेल्या एन्झाइमच्या काही रेणूंनी घडी परत घातली होती. सायीत हे होतं, मॅग्नेशियम त्याला मदत करतं, आणि खरी गळती कोणती व परतलेलं एन्झाइम कोणतं हे ओळखायची वेगळी चाचणीही आहे. पुस्तकातला अॅन्फिन्सेन माझ्या परीक्षानळीत आला आणि मला ओळखू आला नाही. त्या माणसाची माफी मागितली.

पेशीतली गर्दी खरवसापेक्षा फार वेगळी नसते, म्हणून तिथे चॅपरोन नावाची मदतनीस प्रथिनं असतात. ती बहुतेक वेळा घडी कशी घालायची हे शिकवत नाहीत, अर्धवट साखळ्यांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. इतक्या तऱ्हांतून साखळी नेमकी वाट कशी शोधते, हा लेव्हिन्थाल यांचा १९६९ चा पेच वेगळा विषय आहे. एवढंच म्हणते की साखळी एकेक आकार तपासत बसत नाही. जुळलेला छोटा तुकडा टिकतो, त्यावर पुढचा बसतो. अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं साखळीवरून आकार सांगण्याचं काम इतकं चांगलं केलं की २०२४ च्या नोबेलमध्ये त्याला वाटा मिळाला. पण तो आकार किती किलोज्यूलनं टिकतोय, हे सांगायला ते बनवलेलं नाही. चित्र सुबक आलं म्हणून रेणू टिकाऊ, असं धरू नका.

आता प्रथिनासारखे रेणू. यांना फोल्डामर म्हणतात. आपल्या पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि आयसरमध्ये यावर काम झालंय. इथे जमाखर्चाची पद्धत खरी कामाला येते, कारण हे रेणू छोटे असतात. गाभा बनवायला पुरेसे तेलकट गट नसतात, म्हणजे जमेची मोठी बाजूच गेली. मग उपाय एकच, खर्च कमी करा. साखळीला आधीच इतकी ताठ बनवा की घडी घालताना गमवायला स्वातंत्र्यच कमी उरेल.

बीटा-पेप्टाइडचं उदाहरण घ्या. त्यांच्या कण्यात प्रत्येक तुकड्यामागे एक कार्बन जास्त असतो. एक सांधा वाढला म्हणजे साखळी आणखी ढिली व्हायला हवी. पण १९९६ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये झेबाख आणि अमेरिकेत गेलमन यांच्या गटांनी दाखवलं की सहा-सात तुकड्यांचे बीटा-पेप्टाइडही मिथेनॉलसारख्या द्रावकात नीट हेलिक्स बनवतात. गेलमन यांनी तो जादा सांधा कड्यात बांधून ताठ केला होता. नैसर्गिक पेप्टाइडला इतक्या कमी लांबीत ते सहसा जमत नाही.

पेप्टॉइड त्याहून विचित्र. त्यात बाजूचा गट कार्बनवरून उचलून नायट्रोजनवर बसवलेला असतो, त्यामुळे एनएच उरतच नाही, म्हणजे कण्याचा कण्याशी हायड्रोजन बंधही नाही. तरीही बाजूचे गट पुरेसे जाडजूड आणि एका हाताचे (डाव्या-उजव्या हातांसारख्या आरशातल्या दोन रूपांपैकी एकाच रूपाचे) निवडले तर हेलिक्स बनते, निव्वळ जागेच्या अडचणीतून. ‘हायड्रोजन बंधाशिवाय हेलिक्स नाही’ म्हणणाऱ्या सरांना हे दाखवा, नम्रपणे.

पुण्यात मी स्वतः एआयबी हे अमिनो आम्ल वापरायचे. अॅलनीनच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन काढून तिथे आणखी एक मिथाइल बसवलं की झालं. दोन मिथाइलच्या दाटीत रामचंद्रन नकाशावर हेलिक्सच्या आसपासचीच जागा उरते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत पी. बलराम यांच्या गटानं यावर फार मोठं काम केलंय. माझा पहिला आठ तुकड्यांचा पेप्टाइड साध्या अमिनो आम्लांचा होता. पाण्यात त्याचा वर्तुळी द्विवर्णतेचा (प्रकाशावरून हेलिक्स ओळखायच्या चाचणीचा) आलेख काढला तर हेलिक्सचं नाव नाही. ट्रायफ्लुरोइथेनॉल हे द्रावक घातलं तर २०८ आणि २२२ नॅनोमीटरला छान दोन दऱ्या. मी हरखून गेले. वरिष्ठ बाईंनी विचारलं, ‘हेलिक्स तुझ्या पेप्टाइडची की द्रावकाची?’ ट्रायफ्लुरोइथेनॉलमध्ये पाण्यासारखा हात धरणारा कोणी नसतो, म्हणून कणा स्वतःतच बंध शोधतो. पुढे दोन ठिकाणी एआयबी घातल्यावर कमी ट्रायफ्लुरोइथेनॉलमध्येही त्याच दऱ्या दिसू लागल्या. तेव्हापासून कुणी ‘आमचा रेणू घडी घालतो’ म्हटलं की मी आधी विचारते, कशात?

तर तोंडी परीक्षेत एक नाव घ्यायचंच असेल तर पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांसाठी जलद्वेषी परिणाम सांगा, आणि लगेच जोडा की ठरावीक आकार हायड्रोजन बंध, जागेची अडचण आणि दाट भरणी यांतून येतो. परीक्षक अडले तर थंडीतल्या बीटा-केसीनचा दाखला द्या.

आणि घरी करून बघायचं असेल तर गाईच्या पाश्चराइज्ड दुधाच्या पिशवीचे दोन भाग करा. एक नुसता चाळीस अंशांपर्यंत कोमट करा. दुसरा उकळीच्या जवळ दहा मिनिटं हलवत ठेवा, आटलेलं पाणी उकळून गार करून परत घाला, आणि तोही चाळीसवर आणा. दोन्हींत सारखं विरजण. सकाळी चमच्यानं कापून पाहा. पहिल्यात दही ढिलं आणि पाणी सुटलेलं, दुसऱ्यात घट्ट, कारण तिथे उलगडलेलं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन केसीनला आधीच चिकटून बसलंय. आटलेलं पाणी घालायला विसरू नका, नाहीतर घट्टपणा नुसत्या आटण्याचाही असू शकतो. आणि म्हशीचं दूध घेऊ नका. त्यात केसीन मुळातच जास्त असतं, दही दोन्हीकडे घट्टच लागेल आणि तुम्ही मला खोटं पाडाल.